आरतीवाचून राहिलेला गोंधळ

पूर्णेचं कोरडं पात्र मागं पडलं आणि झुंबरबाईचं पाऊल आणखीच जड झालं. वाळूतून चालून दोघींच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. केदारखेड्याहून निघाल्या तेव्हा ऊन कोवळं होतं, आता ते मानेवर बसलं होतं. दोन्ही अंगांना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली रानं, मध्येच एखादी बाभळ, आणि पुढं नुसता पांढरा फुफाटा. भोकरदन दिसायचं नाव नव्हतं.

दुर्गाबाई चार पावलं पुढं व्हायच्या, मग मागं वळून थांबायच्या. झुंबरबाईला दम लागला की ती कमरेवर हात देऊन उभी राही आणि काही झालंच नाही अशा तोंडानं रानाकडं बघत बसे.

"बस गं जरा त्या बाभळीखाली."

"बसलं की उठणं व्हत न्हाई बाई. चालून राह्यले ते बराय."

"मग सावकाश चाल. जेठमल सेठ काही गाव सोडून पळाले नाहीत."

"सेठचं कोण म्हणतं? सुताराचं म्हणून राह्यले मी. त्याचा हात जल्दी चालला तर?"

दुर्गाबाई पुढं चालू लागल्या. ही पायपीट त्यांच्याच एका बोलण्यातून उभी राहिली होती. दुर्गाबाई धावड्याच्या शेतकरी घरातली लेक. नवरा गेल्यावर सासरी केदारखेड्यालाच राहिल्या आणि मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर मुलींचा मराठी वर्ग घेऊ लागल्या. झुंबरबाई ती ओसरी झाडायची, मुलींसाठी पाण्याची घागर भरून ठेवायची. परवा दुर्गाबाई पाट्या आणायला भोकरदनला गेल्या होत्या. आल्यावर सहज सांगू लागल्या, की जेठमल सेठनं जालन्याच्या लिलावात घेतलेली ती साहेबाची मोठी पेटी, पियानो म्हणतात तो, आता मोडायला काढलाय, लाकूड चांगलं आहे म्हणून त्याचं कपाट करणार आहेत. मुली हसल्या. झुंबरबाई मात्र झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, मला तिथं नेता का? एकलीला मला दारात उभं न्हाई करणार कुणी."

तेवढ्यावर दुर्गाबाईंनी हो म्हटलं होतं. का, ते नीट विचारलंही नव्हतं. आता वाटेत, दम पुरेल तसं, झुंबरबाई सांगत होती.

ती गोंधळ्याची लेक. बाप कडूबा गोंधळी, जालन्याच्या कडेला पाल टाकून राहायचा. लग्नकार्य झालं की लोक त्याला बोलवायचे. गव्हाचा नाहीतर तांदळाचा चौक भरायचा, त्यावर घट मांडायचा, संबळाच्या तालावर देवीला आणि साऱ्या देवांना गावांची नावं घेऊन बोलवायचं, रात्रभर जागवायचं, आणि शेवटी आरती करून वाटं लावायचं. कडूबाचा संबळ भोवताली गाजलेला होता. पण लेकीनं तो कमरेला बांधायचा नाही. बाईमाणसानं संबळ बांधत नसतात. झुंबर कोपऱ्यात बसून ऐकायची आणि मांडीवर बोटं चालवायची.

"मंग माझा नवरा रखमाजी, त्योबी गोंधळीच, वऱ्हाडाकडं दुसऱ्या मेळ्याबरोबर गेला त्यो गेलाच. सोळा-सतरा वर्षांची असंन मी, पदरात तान्ही लेक. बापानं टेसनाजवळच्या बंगल्यावर कामाला लावलं. रेल्वेचा गोरा साहेब व्हता. त्याच्या मेमची ती पेटी."

"तुला पुसायला लावली असेल."

"पुसायलाच. पण पुसता पुसता एखादी पट्टी दाबली जायाची, आन् आतून आवाज यायाचा. मी दचकायची, मेम हसायची. येक डाव तिनं वरचं झाकण उघडून दावलं. आत तारा आन् तारांपुढं बारीक बारीक हातोड्या. पट्टी दाबली की हातोडी उठती आन् तारंला हाणती. मी म्हणलं, हे तर आमच्या संबळाच्या टिपऱ्यावानीच झालं की! देवळातल्या भजनाची पेटी बघा, ती श्वास घेती, सनईवानी. ही मेमची पेटी मारती."

बाभळ आली तेव्हा मात्र झुंबरबाई आपण होऊनच बसली. दुर्गाबाईंनी पिशवीतून तांब्या काढला. तिनं ओंजळ पुढं केली. दुर्गाबाईंनी वरून धार धरली.

त्या वर्षी नवरात्र जवळ आलं आणि कडूबा लेकीचा पगार न्यायला बंगल्यावर आला, तेव्हा संबळ खांद्यालाच होता. मेमसाहेबानं वाजवून दाखव म्हणून धरलं. कडूबानं साफ सांगितलं, नुसता ताल वाजवीन, बोल म्हणणार न्हाई. इथं चौक न्हाई, घट न्हाई, बोल म्हणले आन् आई येऊन बसली तर तिला आरती कोण करील? तो नुसता ताल वाजवून गेला. मेम दोन दिवस पेटीवर त्या तालाच्या मागं लागली.

"तिला डावीचा घुमका साधंना. आमच्या डावीच्या भांड्याला वाकडं टिपरू असतं, ते कातड्यावर दाबून घासलं की आवाज वाकतो. मेमच्या पेटीला घासणं कुठलं? मंग तिनं अगदी खालच्या दोन शेजारच्या पट्ट्या, येक आदी, येक निमिषभर मागनं, अशा दाबल्या. पयली उचलायच्या आत दुसरी. घुम्म! मी फडकं टाकून पळत आले. म्हणलं, हां, बराबर!"

सांगताना तिची बोटं मांडीवर उठली. डाव्या हाताची दोन बोटं वातानं आखडून तळव्याकडं वळली होती, ती मात्र नुसती थरथरली.

"उजवीच्या भांड्याचा टणका कोरडा पाहिजे, तर तारांवर वर्तमानपत्राची घडी ठेवली. तुणतुण्याला येकच तार, तर मधली येकच पट्टी, पण तीन बोटं बदलून बदलून हाणायची, म्हंजी मधी खळ पडत न्हाई. झांजंला अगदी वरच्या पट्ट्या. बघा बाई, चार माणसांचा मेळा त्या येका लाकडात भरला तिनं."

"आणि तू कधी वाजवायला लागलीस?"

"तिचं मनगट लई मऊ. संबळाला मार पाहिजे. मला म्हणली, तू बैठो. डावा हात माझा, उजवा तिचा, असं बाकड्यावर शेजारी बसून. मंग उजवाबी शिकवला तिनं. तिची इच्छा अशी, की तालावर बोलबी यावेत. 'तुम्हारा बाप इधर क्या गाता है?' मी गुणगुणायची, ती पट्टीवर धरायची. गळा कसा वर घसरत जातो, ते पट्ट्यांवर येत न्हाई, जिना चढल्यावानी वाजतं. तर खालची पट्टी सोडता सोडता वरची धरायची, म्हंजी जिना जरासा बुजतो. असं करून सगळं आवतण तिनं बसवलं. तुळजापूर, माहूर, सगळ्या आया, मंग खंडोबा, मंग गावोगावचे देव, पार आपल्या शिवेवरल्या म्हसोबापोतर."

दुर्गाबाईंना आता कळू लागलं होतं. त्यांनी तांब्या पिशवीत ठेवला, पण उठल्या नाहीत.

"आणि आरती?"

"आरती म्होरल्या महिन्यात बसवू म्हणली. बंगल्यावर पाव्हणे यायाचे, आमी दोघी वाजवायचो. आवतण संपलं की मेम धाडकन समद्या पट्ट्या दाबायची, पाव्हणे टाळ्या वाजवायचे आन् चहाला उठायचे. येक दिवस बाप आल्ता. वऱ्हांड्यात उभा राहून ऐकलं त्यानं. बोल वळखले. टाळ्या झाल्या तरी त्यो उभाच. आरतीची वाट बघून राह्यला व्हता बिचारा. मी बाहीर गेले तर मला म्हणला, 'पोरी, आई दारात उभी ऱ्हायली की गं.'"

तिनं बाभळीला हात देऊन स्वतःला वर ओढलं. पुन्हा चालणं सुरू झालं. पुढचं तिनं थोडक्यातच सांगितलं, जणू ते सांगायलाही आता अंगात जोर नव्हता. साहेबाची बदली अचानक आली. मेम पेटी बंगल्यात ठेवून गेली, आरती बसायची ती राहिली. बापाच्या घराण्याची रीत अशी, की ज्या वाद्यावर देवाला बोलावलं त्याच वाद्यावर आरती करून वाटं लावायचं, आणि ज्यानं बोलावलं त्यानंच. कडूबानं स्वतःच्या संबळावर गोंधळ घातला असता, पण तो त्याचा झाला असता, लेकीचा नव्हे. झुंबर बंगल्याच्या फाटकाशी पुष्कळदा गेली. नवा साहेब, नवा शिपाई. 'पेटी वाजवायचीय' म्हणणाऱ्या गोंधळणीला कोण आत घेतो? एका शिपायानं तर विचारलं, दारू कुठली पिऊन आलीस. बाप गेला, एकुलती लेक गेली, बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि पेटी हैदराबादेला गेली असं कुणीतरी खोटंच सांगितलं. तेव्हा तिनं जालना सोडलं. पोट भरत भरत केदारखेड्याला येऊन पडली. चाळिशीतली बाई, बघणाऱ्याला साठीची वाटायची.

"लेकीचं लोक म्हणले, देवीचा कोप. मी न्हाई म्हणले तसं कवा. लेक तापानं गेली. आई कशाला लेकरू मारती?"

दुर्गाबाईंच्या जिभेवर एक गोष्ट कधीची होती. रोज सकाळी देवापुढं बसणारी बाई ती, देवाबद्दल बोलताना जपून बोलायची. तरी न राहवून म्हणाल्या, "अगं, मग देवी इतकी वर्षं दारात ताटकळत बसेल असं तुला खरंच वाटतं?"

"ती कशाला ताटकळंल बाई. तिला जग पडलंय. ताटकळून मी राह्यले." ती थोडं चालली. "निजताना रोज वाटतं, काई तरी झाकायचं राह्यलं. दूध म्हणा, दार म्हणा. उठून बघावं तर सगळं झाकलेलं."

भोकरदनला पोचल्या तेव्हा दोघींना बोलायचंही त्राण नव्हतं. जेठमल सेठचं दुकान पेठेत, मागं घर. सेठ गादीवर लोडाला टेकून कापसाचे नमुने चिमटीत ओढून बघत होता.

"आओ, आओ बाई! परत आल्या? पाट्या फुटल्या का?"

दुर्गाबाईंनी काम सांगितलं. सेठनं चष्मा कपाळावर चढवला, एकदा बाईंकडं बघितलं, एकदा उंबऱ्याबाहेर मटकन बसलेल्या झुंबरबाईकडं.

"म्हणजे देवी माझ्या पेटीत अडकलीय? आणि माझे पैसे अडकले त्यांचं काय? रतनलालनं हट्ट केला म्हणून घेतली. पोरगा हैदराबादला शिकायला गेला, ही इथं उंदरं पाळून राहिली. सुतारानं काल पुढची फळी काढली. आज तो कुणाच्या तरी दहाव्याला गेलाय म्हणून बची."

"मग आजच वाजवू द्या सेठजी. उद्या काय करायचं ते करा."

"वाजवेल ही? बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीसुद्धा..."

"अजी, बस करो," आतून आवाज आला. सेठाणी जमनाबाई पडद्याआडून ऐकत होती. ती डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. "आपल्या घरात बोलावलेली देवी बसलेली असंल, आन् तुम्ही तिच्यावर करवत चालवणार? पहले मला विचारायचं होतं. ये गं बाई, आत ये. पाय धू."

सेठनं हात जोडले, जोडले ते बायकोला की देवीला ते कळलं नाही. "ठीक आहे. पण कपाट होणार म्हणजे होणार."

पेटी मागच्या पडवीत होती. पुढची फळी काढलेली, वरचं झाकण भिंतीला टेकवलेलं. तारा उघड्या, त्यांच्यापुढं हातोड्यांची रांग, मधल्या काही हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा उंदरांनी कुरतडलेला. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. झुंबरबाई दारातच थबकली. मग जवळ गेली आणि पदरानं पट्ट्या पुसू लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. त्या दबून वेडेवाकडे आवाज आले. जमनाबाईच्या पायाशी खेळणारं मांजर पळालं.

पदराच्या गाठीतून तिनं तांदूळ काढले आणि जमिनीवर चौक भरला. जमनाबाईनं पाट दिला, तांब्यात पाणी, वर नारळ. घट मांडला. तुपाचं निरांजन लावून जमनाबाईनं ते ताटात ठेवलं. सेठ दारात येऊन उभा राहिला होता. टोपी मात्र त्यानं नीट केली.

बसायला बाकडं नव्हतं, धान्याचं एक रिकामं खोकं पालथं घातलं. झुंबरबाई बसली. डावा हात खाली नेला, चांगल्या बोटांनी त्या दोन शेजारच्या पट्ट्या चाचपल्या आणि दाबल्या.

घुम्म.

 तार उतरलेली होती, आवाज बसका होता, पण तो संबळच होता. डावीचं भांडं कातड्याआतून घुमावं तसा. मग मधलं तुणतुणं सुरू झालं, एकच पट्टी, उजव्या हाताची बोटं आळीपाळीनं. खळ पडत होता, मध्येच एखादी हातोडी नुसतीच लाकडावर आपटत होती, तरी ताल तुटत नव्हता. झुंबरबाईनं तोंडानं बोल म्हटले नाहीत. ते पट्ट्यांवरच आले, एकेक आई, एकेक गाव. जमनाबाईला कुठली ओळख पटली कुणास ठाऊक, तिनं मध्येच हात जोडले. शेवटी शिवेवरचा देव आला आणि आवतण संपलं.

मेमसाहेब तिथं धाडकन दाबायची. झुंबरबाईनं दाबलं नाही. ती थांबली, घाम पुसला, आणि आरतीचा पहिला सूर शोधू लागली.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. सूर सापडला, दुसरा सापडला, तिसऱ्याला उजव्या हातात पेटका आला. तिनं तो मांडीवर दाबून धरला, पुन्हा सुरू केलं. आता डावा हात पुढं आणला तर ती आखडलेली बोटं भलत्याच पट्टीवर पडली. पुन्हा पहिल्यापासून. दम लागला होता, वाटेवरच्यापेक्षा जास्त. ओठ पांढरे पडले.

"राहू दे," सेठ हळूच म्हणाला. आवाजात आता थट्टा नव्हती. "देवीला कळलं असेल. आम्ही तोंडानं म्हणतो आरती."

"न्हाई सेठजी." ती मान न वळवताच बोलली. "आता परत बोलावलंय तिला. आता कसं उठू?"

ते खरं होतं, आणि पडवीतल्या प्रत्येकाला ते कळलं. चौकावर घट होता, ताटात निरांजन जळत होतं. उठली असती तर एकदाच्या जागी दोनदा बोलावून तशीच सोडली असती, आणि उद्या सुतार येणार होता.

झुंबरबाईनं जमनाबाईकडं बघितलं, मग दुर्गाबाईंकडं.

"बाई, तुमी या."

"मी? मला यातलं काही येत नाही गं. भजनाची पेटीसुद्धा..." दुर्गाबाई मागं सरल्या. पाठ भिंतीला लागली. खरं कारण वेगळंच होतं, ते बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. "आणि मी ही अशी. माझ्या कपाळाला काही नाही. कार्यात, आरतीत मला कोणी पुढं करत नाही. सेठाणीबाई आहेत, सवाष्ण आहेत, त्यांना सांग."

जमनाबाई हातातलं ताट घेऊन उभी होती. तिनं दुर्गाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडं एकदा बघितलं आणि नजर खाली केली.  एक माशी घटाच्या नारळावर बसली, उडाली.

"सेठाणीच्या हातात ताट हाय," झुंबरबाई म्हणाली. "आन् माझ्याबरोबर उन्हातून कोण आलं? मला काई सवाष्ण-बिवाष्ण ठावं न्हाई. मी तरी कुठली कोण?" तिनं उजवा हात पुढं केला.  "बाई, तुमचं येक बोट द्या हिकडं. मी धरते आन् पट्टीवर ठेवते, तुमी नुसतं दाबा. चुकलं तर चुकू द्या. पण येवढं करा, संपंपोतर मधी उठू नका."

दुर्गाबाईंनी भिंत सोडली, खोक्याशी आल्या आणि बोट पुढं केलं.